जळवेची थुंकी आणि आपली

आषाढात गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्या पाण्याने भरतात आणि रोवणीची धांदल सुरू होते. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, चिखलात फेकायच्या आणि दिवसभर वाकून ओळीने रोवायचे. दुपारी धुऱ्यावर बसून शिदोरी सोडताना एखादीचे लक्ष आपल्या पोटरीकडे जाते. तिथे काळसर, टम्म फुगलेली जळू चिकटलेली असते. ती केव्हा लागली, कधी चावली, काही कळलेले नसते. कुणी चिमूटभर मीठ टाकते, कुणी चुना-तंबाखू चोळते, जळू गळून पडते. रक्त मात्र थांबत नाही. फडक्याने पुसले तरी पुन्हा बारीक ओघळ घोट्यापर्यंत येतो. विळ्याने बोट कापले तर रक्त काही मिनिटांत थिजते. जळवेची जखम त्याहून कितीतरी लहान, तरी ती तासन् तास पाझरते.

याचे कारण जळवेच्या थुंकीत आहे. जॉन बेरी हेक्राफ्ट या ब्रिटिश संशोधकाने १८८४ मध्ये दाखवून दिले की जळवेच्या तोंडातल्या रसाने रक्त गोठायचे थांबते. १९५७ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ मार्क्वार्ट यांनी युरोपातल्या औषधी जळवेपासून तो पदार्थ शुद्ध रूपात वेगळा केला. त्याचे नाव हिरुडिन. अवघ्या ६५ अमिनो आम्लांचे हे प्रथिन. माणसाच्या रक्तात थ्रॉम्बिन नावाचे विकर असते. ते एका विरघळलेल्या प्रथिनाचे टोक कापते, त्याचे धागे होतात आणि धाग्यांची गाठ बनते. हिरुडिन थेट त्या थ्रॉम्बिनच्या जबड्यात जाऊन बसते. जबडा मिटत नाही, धागे होत नाहीत, रक्त वाहत राहते. आपल्याकडच्या जळवांच्या लाळेतही याच जातीची प्रथिने आहेत.

प्रथिने कापणाऱ्या विकरांना प्रोटिएज म्हणतात आणि त्यांना अडवणाऱ्या प्रथिनांना प्रोटिएज-रोधक. जळवेने रोधक बनवले ते दुसऱ्याचे रक्त पिण्यासाठी. पण जळू काढणाऱ्या त्या बाईच्या अंगातही असे रोधक आहेत आणि तेही एक-दोन नव्हेत, डझनांनी. तिच्या लाळेत, डोळ्यांतल्या पाण्यात, घामाच्या पाझरात, आईच्या दुधात, रक्तात, फुप्फुसांना आतून ओले ठेवणाऱ्या पातळ थरात, मेंदूभोवतीच्या द्रवात. हे रोधक बनवण्याचा मजकूर ज्या जनुकांत लिहिलेला आहे, त्या मानवी जनुकांची ओळख करून देणे हे या प्रस्तावनेचे काम आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटतो खरा, पण गोंदियाच्या माणसाला तो आपल्या ताटातून, विडीतून आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या कार्डातून भेटतो. तसाच तो इथे मांडला आहे.

आधी एक प्रश्न निकालात काढायला हवा. शरीर प्रथिनांचेच बनलेले असेल, तर प्रथिने कापणारी विकरे त्याने जवळ बाळगायचीच कशाला? कारण त्यांच्यावाचून एक दिवस निघत नाही. वरणातले प्रथिन स्वादुपिंडातले ट्रिप्सिन कापते तेव्हा ते अंगी लागते. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इलॅस्टेज नावाचे विकर सोडून त्यांचा फडशा पाडतात. जखम भरताना मेलेला भाग कापून काढावा लागतो, रक्त गोठवावे लागते, नंतर तीच गाठ विरघळवावी लागते. या प्रत्येक कामाला धार लागते. मात्र ही धार जंतू कोणता आणि स्वतःचे फुप्फुस कोणते, असा भेद फारसा करत नाही.

पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना ही व्यवस्था चटकन कळेल. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या या तलावांत पाणी साठवणारी पार जितकी महत्त्वाची, तितकेच महत्त्वाचे तुडूम, म्हणजे बेताने पाणी सोडणारे दार, आणि जास्तीचे पाणी वाहून जाऊ देणारी सलंग. पाणी हेच धन, पण तुडूम मोडले तर तेच पाणी खालच्या बांध्या घेऊन जाते. शरीरात प्रोटिएज हे ते पाणी आणि रोधक हे तुडूम. वैद्यकाने फार काळ पाण्याचाच अभ्यास केला. तुडुमाकडे लक्ष गेले ते पुष्कळ उशिरा, आणि तेही ते मोडलेले सापडले तेव्हा.

ती हकिगत १९६३ मधली, स्वीडनच्या माल्मो शहरातली. तिचे सूत्र गोंदियाला ओळखीचे आहे, कारण तिच्या मुळाशी इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी आहे. सिकलसेलच्या शिबिरात विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढे ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (रुग्ण) हे ठरवायला रक्त याच तपासणीला जाते. विजेच्या दाबाखाली रक्तातली प्रथिने पट्टीवर वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि त्यांचे वेगवेगळे पट्टे उमटतात. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसनेच दाखवले की सिकलसेलचे हिमोग्लोबिन निराळे सरकते. माल्मोमध्ये कार्ल-बर्टिल लॉरेल हे रुग्णांच्या रक्तद्रवाच्या अशा पट्ट्या पाहत असत. सुमारे दीड हजार पट्ट्यांपैकी पाचांत एक नेहमीचा पट्टा दिसेना. दुसरा कुणी असता तर पट्टी बिघडली म्हणून बाजूला टाकली असती. लॉरेल आणि त्यांचे तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांनी ती पाच माणसे शोधून काढली. त्यांतल्या तिघांना ऐन उमेदीच्या वयात एम्फिसेमा झालेला होता. फुप्फुसातले बारीक फुगे फाटून मोठमोठ्या पोकळ्या झाल्या होत्या आणि चार पावले चालले तरी धाप लागत होती.

त्या पट्ट्यांतून बेपत्ता झालेले प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. त्याचे जनुक सर्पिना-१, चौदाव्या गुणसूत्रावरचे. प्रथिन यकृतात बनते, दिवसाला सुमारे दोन ग्रॅम, आणि रक्तातून फुप्फुसांत पाझरते. नाव अँटिट्रिप्सिन असले तरी त्याचे खरे काम पांढऱ्या पेशींच्या इलॅस्टेजला आवरण्याचे. त्याची काम करण्याची रीत थोडी थांबून पाहावी अशी आहे. ३९४ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाला वर एक वेटोळे असते आणि त्या वेटोळ्यात ३५८व्या जागी मेथिओनिन हे आमिष. इलॅस्टेज त्या जागी चावा घेते. चावा बसताक्षणी अख्खे प्रथिन उंदराच्या चापासारखे उलटते आणि चावणाऱ्या विकराला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरफटत नेऊन आपटते. विकराचा आकारच मोडतो, ते पुन्हा काही कापू शकत नाही. रोधकही संपतो. एकाने एकाला घेऊन मरायचे, असा हा हिशेब. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००० मध्ये या झटापटीच्या शेवटच्या क्षणाचे स्फटिकचित्र मिळवले, तेव्हा कुठे ही गोष्ट डोळ्यांनी दिसली.

लॉरेल-एरिक्सनच्या रुग्णांत या जनुकाचा ‘झेड’ हा बदललेला प्रकार होता. ३४२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन, एवढाच फरक. सिकलसेलमध्येही बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लच जाते आणि व्हॅलिन येते. दोन्हीकडे एकाच अमिनो आम्लाची अदलाबदल, दोन्हीकडे प्रथिने एकमेकांना चिकटून साखळ्या बनतात. एकीकडे त्या साखळ्या तांबड्या पेशीत अडकतात, दुसरीकडे यकृताच्या पेशीत. यकृत सुजते आणि फुप्फुसे राखणीवाचून उघडी पडतात. १९८७ पासून अमेरिकेत अशा रुग्णांना दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले अँटिट्रिप्सिन शिरेतून देतात, दर आठवड्याला, जन्मभर.

‘झेड’ हा प्रकार मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, भारतात तो दुर्मीळ आहे. मग गोंदियाचा संबंध काय? संबंध विडीचा आहे, आणि तो जवळचा आहे. मे महिन्याच्या उन्हात गावेच्या गावे जंगलात तेंदूपत्ता तोडायला जातात, संध्याकाळी फळीवर पुडे मोजून देतात, आणि त्या पानांत तंबाखू गुंडाळून घराघरांत विड्या वळल्या जातात. हा जिल्हा त्या धंद्याचे जुने ठाणे. इथे ज्या माणसाला धाप लागते त्याचे सर्पिना-१ जनुक बहुधा अगदी धडधाकट असते. यकृत प्रथिन बनवते, ते फुप्फुसांत पोचते. पण तंबाखूच्या धुरातले ऑक्सिडीकारक घटक नेमके त्या ३५८व्या मेथिओनिनवर घाव घालतात. मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटला की आमिषाची चव जाते, इलॅस्टेज त्याला सहजी चावत नाही, चाप उडत नाही. हे १९७०च्या दशकाच्या शेवटी प्रयोगांतून स्पष्ट झाले. दुसऱ्या बाजूने तोच धूर पांढऱ्या पेशींना फुप्फुसांत गोळा करतो आणि त्या आणखी इलॅस्टेज ओततात. तुडूम गंजवायचे आणि तलावात पाणीही वाढवायचे, अशी दोन्ही कामे धूर करतो. माल्मोच्या त्या तिघांना जे दुखणे जन्माच्या जनुकाने दिले, ते विडी रोज थोडे थोडे करून देते. चुलीच्या धुरापुढे वर्षानुवर्षे बसलेल्या बायकांच्या छातीतली घरघरही याच घराण्यातली. ‘जनुकात होते, नशिबात होते’ असे धाप लागलेल्या माणसाबद्दल म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. जनुकाने आपले काम चोख केलेले असते.

याच ३५८व्या जागेची आणखी एक हकिगत १९८३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा एक मुलगा जन्मभर रक्तस्रावाने त्रस्त होता आणि चौदाव्या वर्षी त्यातच गेला. त्याच्या अँटिट्रिप्सिनमध्ये मेथिओनिनच्या जागी आर्जिनिन आलेले होते. आमिष बदलले तसे सावजही बदलले. इलॅस्टेजऐवजी ते प्रथिन थ्रॉम्बिनला पकडू लागले. मार लागला किंवा आजारपण आले की यकृत हे प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनवते. म्हणजे रक्त थांबण्याची सर्वांत गरज असे तेव्हाच ते थांबू न देणारे प्रथिन वाढत असे. जळवेच्या थुंकीतले काम त्या मुलाचे स्वतःचे यकृत करत होते.

भारतीय संशोधकांनी या क्षेत्रात ठसा उमटवला तो स्वादुपिंडाच्या बाबतीत. ट्रिप्सिन आतड्यात पोचल्यावर जागे व्हावे, अशी योजना असते. ते वाटेतच, स्वादुपिंडात जागे झाले तर ज्या अवयवाने त्याला बनवले त्यालाच खाऊ लागते. म्हणून स्वादुपिंडाच्या रसात ५६ अमिनो आम्लांचा एक छोटा रोधक मिसळलेला असतो. १९४८ मध्ये कझाल आणि सहकाऱ्यांनी तो शोधला, त्याचे जनुक स्पिंक-१ म्हणून ओळखले जाते. केरळपासून देशात अनेक ठिकाणी कोवळ्या वयात पोटात असह्य कळा, स्वादुपिंडात खडे आणि पुढे मधुमेह असा एक आजार दिसत आला आहे. त्याचा दोष फार वर्षे टॅपिओकाच्या कंदाला आणि कुपोषणाला दिला जाई. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजीतल्या गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की या रुग्णांत ट्रिप्सिनच्या जनुकात नव्हे, तर त्याला अडवणाऱ्या स्पिंक-१मध्ये बदल पुष्कळ वेळा आढळतो. चौतिसाव्या जागी अस्पॅराजिनऐवजी सेरिन. हाच बदल अंगावर घेऊन काही माणसे निरोगीही जगतात, म्हणजे एकट्याने तो पुरत नाही. २००६ मध्ये त्याच संस्थेतून कॅथेप्सिन-बी या दुसऱ्या विकराच्या जनुकाचाही संबंध पुढे आला. पोट धरून बसणाऱ्या मुलाला ‘नीट जेवत नाही’ म्हणून बोल लावण्याआधी हे ठाऊक असलेले बरे.

कॅथेप्सिन-बी ही वेगळ्या कुळीची कात्री. तिची बहीण प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात. पपईला चीर दिली की पांढरा चीक ठिबकतो, बोटांना लागला तर जरा वेळाने कातडी चुरचुरते. त्या चिकातले पपेन मटणाचे धागे कापते आणि बोटांच्या त्वचेवरही तेच करू पाहते. १९६०च्या दशकात उंदरांच्या फुप्फुसांत पपेन सोडले तेव्हा त्यांना एम्फिसेमा झाला. माल्मोच्या रुग्णांचा अर्थ लावायला त्या प्रयोगाची मोठी मदत झाली. मग पपेनला कोण अडवते? अंड्याचा पांढरा बलक. १९६८ मध्ये फॉसम आणि व्हिटेकर यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्यात पपेन आणि अंजिराच्या चिकातले फिसिन रोखणारे प्रथिन शोधले. १९८१ मध्ये केंब्रिजचे अॅलन बॅरेट यांनी त्याला सिस्टॅटिन हे नाव दिले.

इथे एक फाटा फोडावासा वाटतो, कारण तो महाराष्ट्रातला आहे. वनस्पतीही बियांमध्ये रोधक भरून ठेवतात. धान निघण्याआधी उभ्या पिकात फेकलेली लाखोरी असो, हरभरा असो की सोयाबीन, कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन अडवणारी प्रथिने असतात. कच्ची डाळ पचत नाही ती बऱ्याच अंशी यामुळे, आणि शिजवल्यावर त्यांचा जोर ओसरतो. लाखोरीने पाय लुळे पडण्याची जी भीती असते तिचे कारण मात्र वेगळ्याच विषारी घटकात आहे, दोन्हींची गल्लत करू नये. हरभऱ्यावरची घाटे अळी या रोधकांना कशी तोंड देते, याचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला. अभय हरसुलकर, अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांचा १९९९ मधला निबंध सांगतो की अळीच्या नेहमीच्या खाद्यात नसलेल्या वनस्पतींचे रोधक तिची वाढ रोखतात, पण ते आलटून पालटून द्यावे लागतात, कारण एकालाच तोंड द्यायचे असेल तर अळी आपली विकरे बदलून घेते. हरभरा आणि अळी यांच्यात जी चढाओढ चालू आहे, तीच माणूस आणि त्याच्या जंतूंमध्ये फार पूर्वीपासून चालत आली असणार. म्हणून तर माणसाजवळ एका जनुकाऐवजी जनुकांची कुटुंबेच्या कुटुंबे आहेत.

सिस्टॅटिनचे कुटुंब हे त्याचे उत्तम उदाहरण. विसाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ही जनुके एकमेकांना खेटून बसलेली आहेत. एकाच मूळ जनुकाच्या नकला होत गेल्या आणि प्रत्येक नक्कल थोड्या वेगळ्या कामाला लागली. सिस्टॅटिन एस, एसएन आणि एसए हे मुख्यतः लाळेत आणि अश्रूंत, सिस्टॅटिन डी लाळेत, आणि सिस्टॅटिन सी जवळपास सगळ्याच द्रवांत. लाळेतला सिस्टॅटिन एस दातांच्या कठीण पृष्ठभागाला चिकटतो आणि दातांवर जो पातळ संरक्षक थर असतो त्यात सामील होतो. त्याच गुणसूत्राच्या लांब भुजेवर दुसरे कुटुंब आहे. त्यातला एसएलपीआय नावाचा रोधक लाळेत आणि श्वासनलिकेच्या स्रावात मुबलक असतो. हे जनुक बंद केलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरतात, असे २००० मध्ये दिसले. जेवताना जीभ चावली तर दोन दिवसांत जखमेचा मागमूस राहत नाही, त्यात या प्रथिनाचा हात आहे. जुनी माणसे पहाटेची शिळी थुंकी पुटकुळीला लावत. लाळेत जंतूही भरपूर असल्याने उघड्या जखमेला ती लावू नये हेच खरे, पण लाळेत काहीतरी गुणाचे आहे ही त्यांची अटकळ पोकळ नव्हती.

सिस्टॅटिन सीच्या जनुकाला सीएसटी-३ म्हणतात. १९६१ मध्ये हे प्रथिन मेंदूभोवतीच्या द्रवात आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या लघवीत दिसले होते, पण ते करते काय हे कुणाला सांगता येत नव्हते. ‘गॅमा-ट्रेस’ असे कामचलाऊ नाव घेऊन ते वीस वर्षे पडून राहिले. स्वीडनच्या लुंडमधले अँडर्स ग्रब यांनी १९८२ मध्ये त्याच्या १२० अमिनो आम्लांची ओळ लावली आणि दोन वर्षांत कळले की हा अंड्यातल्या रोधकाचा मानवी भाऊ आहे.

हे जनुक बिघडले तर काय होते, ते आइसलँडने पाहिले. तिथल्या काही कुटुंबांत तरुण माणसे मेंदूतल्या रक्तस्रावाने पटापट जात. आर्नी आर्नासन या डॉक्टरने १९३५ मध्ये त्याची नोंद केली. पुढे कळले की सिस्टॅटिन सीच्या ६८व्या जागी ल्युसिनऐवजी ग्लुटामिन आलेले आहे, बिघडलेले प्रथिन मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचते आणि त्या फुटतात. चर्चमधल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी लावून संशोधकांनी मागे जाऊन पाहिले, तर दोनशे वर्षांपूर्वी हाच बदल घेऊन जगणारी माणसे साठी ओलांडत होती. एकोणिसाव्या शतकात हे आयुर्मान घसरत तिशीवर आले. जनुक तेच, बदल तोच, तरी आयुष्य निम्मे झाले. खाणेपिणे आणि राहणीमान बदलल्याचा हा परिणाम असावा, असा तर्क आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खोकल्याचा कफ सुटावा म्हणून वापरतात त्या एन-असिटाइलसिस्टीनने हे साचणे कमी होण्याची चिन्हे दिसली.

सीएसटी-३ गोंदियासाठी सर्वांत मोलाचे आहे ते मात्र मूत्रपिंडामुळे, आणि ही प्रस्तावना मुख्यतः त्यासाठीच लिहिली आहे.

सिस्टॅटिन सी शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी, साधारण एकाच गतीने, रात्रंदिवस बनवतात. ते इतके लहान असते की मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होते. गाळून आलेले प्रथिन पुढच्या नळीतल्या पेशी शोषून मोडून टाकतात, त्यामुळे लघवीत ते नावालाच उतरते. आवक ठरलेली, जावक गाळणीतूनच. म्हणजे रक्तातले प्रमाण वाढले तर गाळणी मंदावली, हे सरळ कळते. आपल्याकडे गाळणी तपासतात ती क्रिएटिनिनवरून. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. पैलवानाचे जास्त, हडकुळ्या माणसाचे कमी. ज्याच्या अंगावर मांसच नाही त्याचे मूत्रपिंड बिघडले तरी क्रिएटिनिनचा आकडा रिपोर्टवर बराच काळ शहाण्यासारखा दिसतो.

आता सिकलसेलचा रुग्ण डोळ्यांपुढे आणावा. ‘एसएस’ असलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, वयाच्या मानाने लहानखुरी, हातापायांच्या काड्या. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी, क्षार जास्त. तांबड्या पेशींना विळ्याचा आकार यायला इतकी सोयीची दुसरी जागा शरीरात क्वचितच असेल. या पेशी तिथल्या बारीक वाहिन्या तुंबवतात. पहिले लक्षण घरच्यांच्या नजरेत येते, पण त्याचा अर्थ कळत नाही. मुलगी रात्री तीनदा उठते, अंथरूण ओले होते, सतत तहान लागते. मूत्रपिंडाला लघवी दाट करता येईनाशी झालेली असते. मेच्या उन्हात आईबरोबर तेंदूपत्त्याला गेली आणि पाणी कमी पडले, तर सांधे-हाडांच्या कळा उठतात. कळांवर वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात आणि त्यांतल्या पुष्कळशा गोळ्या मूत्रपिंडाला आणखी जाचतात.

अशा मुलीचे क्रिएटिनिन तपासले तर ते कमीच येते. स्नायू कमी हे एक कारण. दुसरे असे की सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या नळ्या क्रिएटिनिन नेहमीपेक्षा जास्त बाहेर टाकतात. तिसरे, लहान वयात गाळणी गरजेपेक्षा जास्त वेगाने चालते आणि तीच पुढे थकते. तिन्ही गोष्टी आकडा खाली ओढतात. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असे छापून येते आणि घर निश्चिंत होते. सिस्टॅटिन सीला स्नायूंशी देणेघेणे नाही, म्हणून सिकलसेलच्या रुग्णांत गाळणीचा अंदाज त्यावरून अधिक खरा येतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०१२ मध्ये मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने क्रिएटिनिनवर शंका असेल तेव्हा सिस्टॅटिन सी तपासा, असे सांगितले. त्यालाही मर्यादा आहेत. थायरॉइडचा विकार, स्टेरॉइडची औषधे, शरीरातली सूज, लठ्ठपणा, तंबाखू यांनी त्याचा आकडा हलतो, आणि क्रिएटिनिनच्या मानाने तपासणी महाग पडते. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी त्याच्या जोडीला लागतेच.

पूर्व विदर्भात सिकलसेल म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला समजावावे लागत नाही. लग्न जुळवताना ‘पोरगा एएस आहे का’ हा प्रश्न इथे विचारला जातो. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याआधीपासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाची शिबिरे या जिल्ह्यात चालू आहेत. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि रोवणी करणाऱ्या घरांतली मुलेही आता डॉक्टर होण्याची स्वप्ने पाहतात. जनुक, पट्टी, पट्टा, वाहक हे शब्द इथल्या बोलण्यात रुळले आहेत. त्यांच्याशेजारी आणखी एका जनुकाला जागा करून द्यायची आहे. बीटा ग्लोबिनचे जनुक सांगते की मुलीला सिकलसेल आहे. तिचे मूत्रपिंड किती तग धरून आहे, हे सांगायला विसाव्या गुणसूत्रावरच्या सीएसटी-३चे प्रथिन जास्त कामाचे आहे.

त्यासाठी तिच्याकडून फार काही लागत नाही. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या आत शीर चाचपायची, दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचे. क्रिएटिनिनसाठी जी नळी भरतात तीच पुरते. सुई काढली की कापसाचा बोळा दाबून धरायचा आणि हात सरळ ठेवून बसायचे. थ्रॉम्बिन आपले काम करू लागते आणि दोन-चार मिनिटांत बोळ्यावरचा लाल ठिपका पसरायचा थांबतो.